होल सॉ आणि 'फुल स्पीड'वाले

टेबलाला वायरींसाठी ६० मिमीचं भोक पाडायचं होतं. सुतारकाका म्हणाले, "साहेब, फुल स्पीड द्या, लोण्यासारखं कापतं!" मी दिला. साफ चूक! ३००० आरपीएमला एवढ्या होल सॉची कड सेकंदाला जवळजवळ साडेनऊ मीटर पळते. प्लाय कापण्याऐवजी जळतो, अन् दात अडकले की ड्रिल मनगटच पिरगाळतं. माझं अजून दुखतंय.

स्पीड कमी ठेवा, हॅमर मोड बंद करा, साइड हँडल लावाच. मधल्या बिटचं टोक खालून दिसलं की थांबा आणि फळी उलटून दुसऱ्या बाजूने कापा, नाहीतर सनमायकाचे टवके उडालेच म्हणून समजा. यात पाच मिनिटं जास्त जातात. यावर काका म्हणतात, "एवढं कोण करत बसतं?" आमच्याकडे टेस्टिंगबद्दल अगदी हेच म्हणतात :-)