कारागृहाला मानांकन मिळेल, कैद्याला संरक्षण मिळेल का?

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी धरपकड केली. त्यात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद झाली. तरीही गुन्हा नोंदवण्याच्या आदेशासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. तो आदेश जुलै 2025 मध्ये मिळाला. राज्य सरकारने त्याला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयानेही आदेश कायम ठेवला.

हे थांबवायचे कसे? एक उपाय सुचवला जातो: महाविद्यालयांना नॅक असते, तसे कारागृहांनाही मानांकन द्यावे.

याचे फायदे आहेत. किती कैद्यांमागे किती जागा, डॉक्टर, पाणी, शौचालय हे लेखी ठरते. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळते. वकिलाला न्यायालयात बोट ठेवायला निकष सापडतो.

पण तोटे मोठे आहेत. अमेरिकेत हे काम अमेरिकन करेक्शनल असोसिएशन ही खाजगी संस्था करते. तपासणीचे शुल्क कारागृहच भरते आणि तारीखही त्याला आधी कळते. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी 2020 च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. आपल्याकडे भोपाळचे मध्यवर्ती कारागृह आयएसओ प्रमाणित होते. तिथूनच ऑक्टोबर 2016 मध्ये आठ कच्चे कैदी पळाले आणि काही तासांत चकमकीत मारले गेले. नॅकची समिती येणार म्हटल्यावर महाविद्यालयाच्या भिंतींना रंग कसा लागतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

आणखी एक अडचण आहे. मानांकन कारागृहाला मिळते, पोलीस ठाण्याला नाही. मारहाणीचे बहुतेक आरोप मात्र ठाण्यातल्या कोठडीबद्दल असतात. म्हणून कारागृहाच्या दारात होणारी वैद्यकीय तपासणी निर्णायक ठरते. आत येणाऱ्याच्या अंगावरच्या जखमा तिथे प्रामाणिकपणे नोंदल्या, तर त्याच्यावर वेळेत उपचार होतील आणि जबाबदारीही निश्चित होईल. ती नोंद कोरी राहिली, तर प्रमाणपत्राची चौकट भिंतीवरच राहील.

देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांत दलित, आदिवासी आणि मुस्लीम यांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या वस्त्यांचा आहे.

मानांकनाला विरोध करण्याचे कारण नाही, पण त्यावर समाधान मानू नये. तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी, तपासणाऱ्याचे पैसे कारागृहाने देऊ नयेत, कैद्यांशी एकांतात बोलता यावे आणि अहवाल जाहीर व्हावा, या अटी लावून धरल्या पाहिजेत.

तोपर्यंत जिल्ह्यातल्या तरुणांनी माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारावेत. कारागृहाच्या अभ्यागत मंडळाची शेवटची बैठक कधी झाली? दाखल होणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी नोंदवली जाते का? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितल्याप्रमाणे पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही चालू आहेत का आणि चित्रण जपले जाते का? उत्तरे आली तर ती वस्तीत वाचून दाखवा. आली नाहीत तर अपील करा.