हँडब्रेक जाम झाला म्हणून केबल सोडू नका

मंडळी, आज भाजीबद्दल नाही, भाजी पोचवणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय.

गोराईतून बोरिवली खाडीपलीकडे समोर दिसते. माणूस बोटीने जातो, पण भाजीची पिकअप उत्तन, भाईंदर, दहिसर असा वळसा घालूनच न्यावी लागते. गाडी जुनी, रात्री उभी खाऱ्या वाऱ्यात, वर चार महिने पाऊस. केबलच्या नळीत पाणी जातं, आतली तार गंजते, हँडब्रेक जाम होतो.

यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे केबल सोडायची आणि चाकाखाली दगड लावायचा. मीही दोन पावसाळे तेच केलं. मग एका सकाळी बोरिवलीत सोसायटीच्या उतारावर माल उतरवताना ओला दगड सरकला आणि गाडी मागे आली. मागे एक आजी भेंडी निवडत होत्या. कोणीतरी त्यांना ओढलं म्हणून वाचल्या, भेंडीचा क्रेट चाकाखाली गेला. त्या दिवशी पटलं की केबल सोडणं ही दुरुस्ती नाहीच. आपला त्रास आपण गिऱ्हाइकाच्या पायावर ढकलतोय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की ड्रायव्हर सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, नाहीतर गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी सोय हवी. ओला दगड ही सोय नव्हे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. काही जण त्या दिवसापुरती केबल जोडतात आणि परत येऊन सोडतात. अरे, पासिंग उताऱ्यावरच्या शिक्क्यासाठी असतं का?

दोष शोधणं अवघड नाही. हँडब्रेक खाली करूनही गाडी जड ओढतेय, जळका वास येतोय, तर थांबून मागच्या चाकांजवळ हात न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. एकाच बाजूला धग असेल तर दोष बहुधा त्या चाकाकडे. दोन्हीकडे असेल तर पुढची केबल अडकली असेल, किंवा मेकॅनिकने हँडब्रेक जास्त ताणलाय.

गार झाल्यावर सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रल करा, मागचं चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. फिरत नसेल तर त्या चाकाची केबल मेकॅनिककडून ड्रमपाशी सुटी करून घ्या. चाक मोकळं झालं तर दोष केबलचा. तरीही घट्ट असेल तर ड्रमच्या आत बघायचं: लायनर चिकटलाय, स्प्रिंग मेलीय किंवा व्हील सिलिंडर अडकलाय.

गंजलेली केबल तेल सोडून चार दिवस चालते, परत अडकते. ती बदलाच. लायनरवर मात्र तेल, डिझेल अजिबात नको, ब्रेकच लागणार नाही. ड्रममधली धूळ फुंकूही नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

सकाळी चिकटलेली गाडी जोरात रेस देऊन ओढू नका. हळू पुढे-मागे करा. नाही सुटली तर मेकॅनिक बोलवा. माल तासभर उशिरा गेला तरी चालेल.

आता माझी सवय सांगतो. अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी आली की थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबून सुकवतो. पावसाळ्यात रात्री घरी सपाट जागेवर हँडब्रेक ओढून ठेवत नाही. पहिला गिअर टाकून चाकांना लाकडी ठोकळे लावतो. बाजारात मात्र हँडब्रेक, गिअर आणि ठोकळा, तिन्ही. आणि हँडब्रेक रोज वापरतो, कारण न वापरलेली केबल लवकर गंजते.

विळ्याला आपण रोज धार लावतो. वर्षातून एकदा गाडीच्या केबलकडेही बघूया. तुमच्या गाडीची केबल जोडलेली आहे का? उद्या माल भरण्याआधी वाकून बघा.