दाढी, हिजाब आणि न्यायाधीशाची खुर्ची

अमेरिकेतल्या न्यायालयांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टनचे सुप्रीम कोर्ट येते. नऊ न्यायाधीश, मोठे निकाल, टीव्हीवरच्या चर्चा. पण हे कोर्ट वर्षाकाठी साधारण साठ-सत्तर खटल्यांचीच पूर्ण सुनावणी घेते. त्याच्याकडे येणारे बाकीचे हजारो अर्ज सुनावणीविनाच परत जातात. मग सामान्य माणसासाठी शेवटचा शब्द कोणाचा? एक पायरी खाली बसलेल्या अपील न्यायालयांचा.

अशी फेडरल अपील न्यायालये १३ आहेत. त्यांना ‘सर्किट’ म्हणतात, कारण एके काळी न्यायाधीश घोड्यावरून किंवा बग्गीतून आपल्या भागाची फेरी करत आणि गावोगाव कोर्ट भरवत. हा शब्द आपल्याला परका नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरला जे बेंच सुरू झाले, त्यालाही ‘सर्किट बेंच’च म्हणतात.

आज आपण बोलणार आहोत ते ‘थर्ड सर्किट’बद्दल. त्याचे मुख्य ठिकाण फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर ही तीन राज्ये आणि कॅरिबियन समुद्रातली व्हर्जिन आयलंड्स त्याच्या कक्षेत येतात. न्यायाधीशांच्या जागा १४. अपील साधारणपणे तिघांच्या पीठापुढे चालते आणि त्यांचा निकाल त्या भागातल्या सगळ्या फेडरल जिल्हा न्यायालयांवर बंधनकारक असतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सेनेट मंजुरी देते आणि मग ती व्यक्ती हवे असेल तर मरेपर्यंत त्या खुर्चीवर बसू शकते.

भारतातल्या मराठी मुस्लिम तरुणाने हे कशाला वाचायचे? कारण गेल्या पंचवीस वर्षांत या एका कोर्टाने मुस्लिमांच्या दाढीवर, हिजाबवर आणि मस्जिदींवरच्या पाळतीवर निकाल दिले आहेत. आणि याच कोर्टाच्या एका खुर्चीपर्यंत पोचू पाहणाऱ्या मुस्लिम वकिलाला दारातूनच परत जावे लागले. या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, तर न्यायालयाकडून काय मागायचे आणि कसे मागायचे, हे बरेचसे उमगते. मी सॉफ्टवेअरचा माणूस, वकील नाही. पण निकालपत्र हेही शेवटी तर्कानेच चालते, आणि तर्क वाचायला पदवी लागत नाही.

पहिली गोष्ट दाढीची. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराच्या पोलीस खात्यात दाढी ठेवायला मनाई होती. मात्र दाढी केल्याने ज्यांच्या त्वचेला त्रास होतो, त्यांना वैद्यकीय कारणाने सवलत मिळे. दोन मुस्लिम पोलिसांनी धार्मिक कारणाने सवलत मागितली, ती नाकारली गेली. खटला उभा राहिला आणि त्यात पोलिसांची संघटनाही वादी होती. १९९९ मध्ये थर्ड सर्किटने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. तर्क सरळ होता. दाढीमुळे गणवेशाची एकरूपता बिघडते असे खात्याचे म्हणणे असेल, तर ती आजारपणाच्या दाढीनेही तितकीच बिघडते. एकाला सूट आणि दुसऱ्याला नकार, याचा अर्थ खाते धर्माच्या कारणाला कमी लेखते आहे. असे करायला सबळ कारण दाखवावे लागेल, आणि खात्याला ते दाखवता आले नाही.

हा निकाल लिहिणारे न्यायाधीश होते सॅम्युअल अलिटो. तेच अलिटो २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये ट्रम्प सरकारची प्रवासबंदी पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरली, तेव्हा त्या पाचांमध्ये होते. ती बंदी प्रामुख्याने मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर होती. ‘आपला’ न्यायाधीश आणि ‘त्यांचा’ न्यायाधीश अशी यादी करायला बसलेल्या माणसाने या नावापाशी जरा थांबावे.

दुसरी गोष्ट हिजाबची. फिलाडेल्फियाच्या एका मुस्लिम महिला पोलीस अधिकाऱ्याने गणवेशासोबत डोके झाकण्याची परवानगी मागितली. खात्याने नकार दिला. २००९ मध्ये याच थर्ड सर्किटने खात्याच्या बाजूने निकाल दिला. कोर्ट तेच, धर्म तोच, मग निकाल उलटा का? एक कारण असे की, फिलाडेल्फियाच्या नियमात नेवार्कसारखी वैद्यकीय सवलतीची फट नव्हती. दुसरे असे की, घटनात्मक हक्काचा मुद्दा खालच्या कोर्टात वेळेवर मांडलाच गेला नव्हता. जो मुद्दा खाली मांडला नाही, तो वर सहसा ऐकला जात नाही. उरला तो नोकरीविषयक कायदा. त्यात १९७७ च्या एका निकालापासून माप फार सैल होते. धार्मिक सोय केल्याने मालकाला नगण्यापेक्षा थोडी जास्त अडचण होते एवढे दिसले, तरी त्याला नकार देता येई.

ही गोष्ट इथे संपत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका ख्रिस्ती टपाल कर्मचाऱ्याने रविवार हा इबादतीचा दिवस म्हणून त्या दिवशी काम करायला नकार दिला. थर्ड सर्किटने २०२२ मध्ये त्याचे अपील फेटाळले. तो सुप्रीम कोर्टात गेला. जून २०२३ मध्ये ‘ग्रॉफ विरुद्ध डीजॉय’ या खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते सैल माप घट्ट केले. सोय केल्याने धंद्यावर भरीव बोजा पडतो, हे आता मालकाला दाखवावे लागते. निकाल लिहिला पुन्हा अलिटो यांनीच. आज अमेरिकेत हिजाब घालून कामावर जाऊ पाहणाऱ्या किंवा जुम्मासाठी तासभर सुट्टी मागणाऱ्या मुस्लिम कर्मचाऱ्याच्या हातात जे हत्यार आहे, ते एका ख्रिस्ती पोस्टमनने लढून आणले आहे. हक्काची लढाई एकेकट्या समाजाची नसते, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. इथे ते कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले.

तिसरी गोष्ट पाळतीची. ९/११ नंतर न्यूयॉर्क पोलिसांनी शेजारच्या न्यू जर्सीतही मस्जिदी, मुस्लिमांची दुकाने, शाळा आणि विद्यार्थी संघटनांवर नजर ठेवली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ मध्ये हे बाहेर आणले. ज्यांच्यावर नजर होती त्यांच्यातले काही जण कोर्टात गेले. त्यांत अमेरिकी सैन्याचा एक राखीव सैनिक होता, मस्जिदी होत्या, विद्यार्थी होते. २०१४ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी दावा फेटाळला. त्यांच्या मते नुकसान पाळतीने झाले नाही, झाले असेल तर ती बातमी छापल्याने झाले. चोराने काही नेले नाही, बोंब मारणाऱ्याने नेले, अशातला हा प्रकार.

ऑक्टोबर २०१५ मध्ये थर्ड सर्किटने तो निकाल फिरवला. ‘हसन विरुद्ध सिटी ऑफ न्यूयॉर्क’ या निकालात न्यायाधीश थॉमस अँब्रो यांनी लिहिले त्याचा सारांश असा: धर्माच्या आधारे वेगळी वागणूक हेच मुळात नुकसान आहे, आणि सुरक्षेचे नाव घेतले म्हणून कोर्टाने डोळे मिटायचे नसतात. या देशाने कम्युनिस्टांच्या भीतीच्या काळात ज्यूंबाबत, नागरी हक्कांच्या लढ्यात कृष्णवर्णीयांबाबत आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांबाबत हेच केले होते, याची आठवणही त्यांनी करून दिली. लक्षात घ्या, या निकालाने मुस्लिम खटला जिंकले नाहीत. त्यांना खटला चालवायचा हक्क मिळाला, एवढेच. पण त्या जोरावर २०१८ मध्ये तडजोड झाली आणि केवळ धर्मावरून पाळत न ठेवण्याचे न्यूयॉर्क पोलिसांनी मान्य केले.

या तीन गोष्टींतले न्यायाधीश मुस्लिम नव्हते. मग कोणी विचारेल, खुर्चीवर मुस्लिम बसला काय नि न बसला काय, फरक काय पडतो? याचे उत्तर चौथ्या गोष्टीत आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी थर्ड सर्किटसाठी अदील मंगी यांचे नाव सुचवले. कराचीत जन्मलेले, ऑक्सफर्ड आणि हार्वर्डमध्ये शिकलेले, मोठ्या फर्ममधले नावाजलेले वकील. न्यू जर्सीत मस्जिद बांधायला परवानगी नाकारली गेली, तेव्हा त्यांनी मुस्लिमांच्या बाजूने यशस्वी लढे दिले होते. ते कोणत्याही फेडरल अपील न्यायालयातले पहिले मुस्लिम न्यायाधीश ठरले असते. डिसेंबरमधल्या सुनावणीत कायद्याच्या प्रश्नांऐवजी हमास आणि ९/११ चे प्रश्न आले. निमित्त काय, तर ते रटगर्स विद्यापीठाच्या एका केंद्राच्या सल्लागार मंडळावर होते आणि त्या केंद्राचे काही कार्यक्रम सेनेटरांना खटकले होते. समितीत ११ विरुद्ध १० मतांनी नाव पुढे सरकले. मग ते पोलिसांच्या विरोधात आहेत असा आरोप सुरू झाला आणि बायडेन यांच्याच पक्षाचे काही सेनेटर मागे हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही पक्षांत सौदा झाला, त्यात मंगींसह चार अपील न्यायालयीन नावे बाजूला पडली. सभागृहात त्यांच्या नावावर कधी मतदानच झाले नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच खुर्चीवर ट्रम्प यांचे एके काळचे वकील एमिल बोव्ह यांना सेनेटने ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजुरी दिली.

इथे दोन वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही धरून ठेवायला हवीत.

पहिले वाक्य: इन्साफ मिळायला न्यायाधीश आपल्या धर्माचा असावा लागत नाही. तसा आग्रह धरला, तर उद्या दुसरा कोणी म्हणेल की मुस्लिम न्यायाधीश आमच्या खटल्यात नको. ज्या दीनने अदलच्या हुकुमात आपला-परका असा भेद ठेवला नाही, त्याच्या माणसांना हा आग्रह शोभतही नाही.

दुसरे वाक्य: खुर्चीपर्यंत जाण्याचा रस्ता सर्वांना सारखाच खुला असला पाहिजे. मंगींनी मुस्लिम म्हणून जागा मागितली नव्हती, वकील म्हणून त्यांचे नाव सुचवले गेले होते. त्यांना जे प्रश्न विचारले गेले, ते दुसऱ्या धर्माच्या उमेदवाराला विचारले गेले असते का? नेवार्कच्या दाढीचा तर्क इथे लावून पाहा. एकाला सूट आणि दुसऱ्याला उलटतपासणी, असे असेल तर कारण दाखवा. थर्ड सर्किटने पोलीस खात्याला लावलेली कसोटी सेनेटने स्वतःला लावली नाही.

इतिहास मात्र एका पराभवावर थांबत नाही. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश विल्यम हेस्टी याच थर्ड सर्किटमध्ये आले. १९४९ मध्ये ट्रुमन यांनी नेमले, सेनेटची मंजुरी मिळायला १९५० उजाडले, आणि १९६८ मध्ये ते त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. मुस्लिमांचेही दार पूर्ण बंद नाही. जाहिद कुरेशी २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या आणि नुसरत चौधरी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाले. ही अपील न्यायालयाच्या खालची पायरी आहे, पण वरच्या पायरीवर जाणारे अनेक जण तिथूनच जातात.

आता आपल्याकडे वळू. नेमणुकीची आपली पद्धत वेगळी आहे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश कॉलेजियमच्या शिफारशीने येतात, आमदार-खासदारांच्या सुनावणीने नाही. प्रश्न मात्र तेच येतात. महाराष्ट्र राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुस्लिम शिपायाचा दाढीचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. असा निकाल आला की आपले व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस पेटतात, तिसऱ्या दिवशी शांत. निकालपत्र उघडून कोणता मुद्दा का टिकला नाही, हे पाहणारे ग्रुपमध्ये किती?

थर्ड सर्किटच्या या गोष्टींतून आपल्या कामाचे जे निघते, ते अगदी व्यवहाराचे आहे. नियम आडवा आला, तर आधी तो नियम पूर्ण वाचा आणि त्यात दुसऱ्या कोणाला सवलत आहे का ते शोधा. नकार लेखी घ्या, तारखेसह ठेवा. पहिल्याच अर्जात सगळे मुद्दे मांडणारा वकील गाठा, कारण सुटलेला मुद्दा वरच्या कोर्टात सहसा परत येत नाही. दुसऱ्या समाजाचा माणूस अशाच हक्कासाठी लढत असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहा, त्याचा निकाल उद्या तुमच्या कामाचा असेल.

आणि आपल्या घरांतल्या मुलामुलींना इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या जोडीला लॉ हाही पहिल्या पसंतीचा रस्ता म्हणून दाखवा. सीईटी आपल्याला पाठ आहेत, क्लॅटचे नाव मात्र अजून कित्येक मोहल्ल्यांत पोचलेले नाही. वकिली, मग एमपीएससीमार्फत कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा, मग पुढच्या पायऱ्या. हा रस्ता लांबचा आहे आणि त्यावर नकारही मिळतील. ही पोस्ट वाचणारी बारावीची एखादी मुलगी आज अर्ज भरेल, तर ती निकाल लिहायला बसेपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातील. म्हणूनच अर्ज याच वर्षी भरायला हवा.