दाव्याची नोटीस आल्यावर

भंडारा, लाखनी, साकोली जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धानाच्या हंगामात ट्रक, ट्रॅक्टर, दुचाक्या एकाच गर्दीत धावतात. अपघात होतो आणि काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी येते. 'विमा आहे ना' म्हणत ती कपाटात टाकू नका. हजर राहिला नाहीत, तर दावा एकतर्फी चालतो. नोटिशीची प्रत लगेच विमा कंपनीला द्या. वकिलामार्फत लेखी जबाब, सोबत पॉलिसी, परवाना, नोंदणीपत्र दाखल करा. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. विमाच नसेल, तर सारा भार मालक-चालकावर, आणि मग शेतीवर. पण जबाबात 'अपघात घडलाच नाही' असा साचेबंद नकार वाचला की मला संताप येतो. समोर पाय मोडलेला मजूर असतो, त्याची रोवणीची मजुरी बुडालेली असते. वाद घालायचाच, तर उत्पन्नाच्या आकड्यावर, अपंगत्वाच्या टक्केवारीवर घाला. विमा कंपनीला सोबत घेऊन लोकअदालतीत तडजोडही करता येते; तिथल्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे जखमीच्या हाती पैसे लवकर पडतात.