मोडेम नाही, मोडेममॅनेजर मात्र हजर

दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या शेअर दलालाचा सर्व्हर आता बहुधा त्याच्या कचेरीत नसतो. डेटा सेंटरमधल्या एखाद्या मोठ्या यंत्राचा आभासी तुकडा त्याच्या वाट्याला आलेला असतो. त्याला सगळे व्हीएम म्हणतात. काम एकच, समजा ग्राहकांना रोजच्या कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवण्याचे. त्यासाठी आत बसवलेली असते अख्खी उबंटू सर्व्हर. चालू सेवांची यादी काढली की मोडेममॅनेजर हजर. मोबाइल डेटाची डोंगल कुणी जोडली तर ती ओळखायची, हे त्याचे काम. डेटा सेंटरमधल्या आभासी यंत्राला डोंगल कोण लावणार? त्याच यादीत मल्टिपाथडी. मोठ्या साठवण यंत्रणेकडे जाणाऱ्या अनेक वाटांवर हा लक्ष ठेवतो. इथे डिस्क एक आणि वाटही एकच.

‘असू दे की, खायला मागतो का?’ लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत हा आक्षेप हमखास ऐकू येतो. मेमरी स्वस्त आहे. असली काटकसर कुलाब्याच्या टिफ्रॅक या जुन्या संगणकाला शोभत होती, ज्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत.

मेमरीचा मुद्दा मला मान्य आहे. उलट, हलक्या सिस्टिमचे पुरस्कर्तेच त्यावर नको इतका भर देतात. २०२१ मध्ये युनिक्राफ्ट या हलक्या सिस्टिमवरच्या शोधनिबंधात सुमारे एक एमबीची इमेज आणि सुमारे मिलिसेकंदभरात बूट असे आकडे आले, आणि तेव्हापासून जो तो तेच ऐकवतो. महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटच्या व्हीएमला मिलिसेकंदांशी काय देणेघेणे? ज्या सेवेत विनंती आली की व्हीएम जन्मते आणि काम उरकले की मरते, तिथे बूटच्या वेळेला किंमत आहे. ॲमेझॉनने २०१८ मध्ये फायरक्रॅकर हे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर काढले ते त्यासाठी. बाकीच्यांनी एमबी मोजत बसू नये.

खरा मुद्दा वेगळा आहे: आत काय आहे आणि ते कशासाठी आहे, याचा जाब कुणाला देता येतो का? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेरलेले चोरदार सापडले. रोख होता एसएसएचवर, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सेवेवर. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी सेवा सुरू झाल्याची वर्दी सेवांचा कारभार पाहणाऱ्या सिस्टिमडीला मिळावी म्हणून एक जोड लावली होती. त्या जोडीबरोबर सिस्टिमडीची लायब्ररी आली आणि तिच्याबरोबर एक्सझेडची. एवढ्याशा सोयीसाठी केवढे वऱ्हाड! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा संशय प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना आला, म्हणून वितरणांच्या मुख्य स्थिर आवृत्त्या वाचल्या. यात मेमरीचा प्रश्न कुठेच नव्हता.

आभासी हार्डवेअरलाही हाच रोग. २०१५ मध्ये क्यूएमू या एम्युलेटरमधले ‘व्हेनम’ हे भगदाड उघड झाले, ते फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत. क्लाउडवर फ्लॉपी! फायरक्रॅकरच्या पहिल्या आवृत्तीत जेमतेम नेटवर्क, डिस्क, सीरियल कन्सोल आणि एक कीबोर्ड एवढेच दिले होते. कीबोर्डला बटण एकच, तेही व्हीएम बंद करण्यापुरते. हा मला शहाणपणा वाटतो.

आता दुसरा आक्षेप. तो मात्र वजनदार आहे. युनिकर्नलमध्ये प्रोग्रॅम आणि त्याला लागेल तेवढाच सिस्टिमचा भाग जोडून एकच इमेज बनवतात. तेव्हा जॉयंट या क्लाउड कंपनीत असलेले ब्रायन कॅंट्रिल यांनी जानेवारी २०१६ मध्ये बजावले होते की हे प्रत्यक्ष वापरायच्या लायकीचे नाही, कारण बिघाड झाला तर तपासायचे कशाने? आत प्रोसेस नाहीत, म्हणून त्या पाहायची साधनेही नाहीत. शिवाय २०१९ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने काही युनिकर्नल तपासले, तेव्हा साध्या लिनक्समध्ये असणारी मेमरीची प्राथमिक संरक्षणेसुद्धा त्यांत आढळली नाहीत. लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरव्हायझरचे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, मूळ कर्ते अवी किविटी यांच्या कंपनीने घडवलेली ओएसव्ही लिनक्सचे प्रोग्रॅम चालवते, पण तिच्यात फोर्क नाही. नवी प्रोसेस जन्माला घालणारा प्रोग्रॅम तिथे अडतो. पैशांच्या पेढीला मी युनिकर्नल सुचवणार नाही.

पण इथे विरोधक गल्लत करतात. युनिकर्नल नको, म्हणून अख्खी उबंटू हवी, हे कसे? २०२० मध्ये लूपाइन नावाच्या प्रयोगात संशोधकांनी लिनक्सच घेतला, एका प्रोग्रॅमला न लागणारे पर्याय कर्नलमधून वगळले, आणि सुमारे ४ एमबीच्या इमेजवर २३ मिलिसेकंदांत बूट मिळवला. अल्पाइन या हलक्या लिनक्स वितरणाचा व्हीएमसाठीचा कर्नल तर तयारच मिळतो. ‘आमच्या पोरांना उबंटूच येते, आणि अल्पाइनची मसल लायब्ररी कधी दगा देईल सांगता येत नाही’, ही तक्रारही खोटी नाही. डीएनएसचे लांबलचक उत्तर टीसीपीवरून मागवणे मसलला २०२३ पर्यंत येत नव्हते. मग डेबियनच घ्यावी, पण रिकाम्यापासून वर चढवत न्यावी. लॉग बाहेर पाठवावा, गोठलेल्या व्हीएमचा मेमरी डंप हायपरव्हायझरकडून घ्यावा. तपासणीची साधने चोवीस तास आत ठेवायलाच हवीत असे नाही.

आणि हे काही नवे खूळ नव्हे. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकात सीपी आणि सीएमएस ही जोडी घडली. १९७२ मध्ये ती व्हीएम/३७० म्हणून बाजारात जाहीर झाली. आतली सीएमएस मुद्दाम एकाच वापरकर्त्यापुरती ठेवली होती. यंत्राची वाटणी आणि पहारा सीपीचा. गिरण्यांच्या वस्तीतही असेच होते. लालबाग-परळच्या बैठकीच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून झोपणारे गिरणी कामगार प्रत्येकी चूल मांडत नसत, जेवायला खानावळ होती. उपमा इथपर्यंतच, खोलीतले लोक एका गावचे असत, एका यंत्रावरच्या दोन व्हीएमना एकमेकींची चाहूलही लागता कामा नये. पुढे कचेऱ्यांनी खरे सर्व्हर उचलून जसेच्या तसे व्हीएममध्ये नेले, आणि बाडबिस्तरा सोबत आला.

सेबीने २० ऑगस्ट २०२४ रोजी सायबर सुरक्षेची जी चौकट जाहीर केली, तिच्यात महत्त्वाच्या सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांची यादी, म्हणजे सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स, मागितली आहे. यादी बनवणारे टूल काही मिनिटांत शेकडो ओळी ओतते. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अमुक लायब्ररीत भगदाड निघाले, तुमच्याकडे ती कशासाठी आहे? रिकाम्यापासून चढवत आलेल्याला उत्तर माहीत असते, कारण ती त्यानेच कधीतरी कारणाने घातलेली असते. दुसऱ्याला आधी शोध घ्यावा लागतो आणि मग, काढली तर काय मोडेल या भीतीने, ती तशीच ठेवावी लागते.

विंडोजवरच चालणारे जुने बॅक ऑफिस सॉफ्टवेअर या वादातून मी वगळतो. ते कापायला गेले तर विक्रेता हात वर करतो. त्याची व्हीएम आहे तशी ठेवावी, इंटरनेटपासून तोडावी, आणि तिच्याकडे येणारी प्रत्येक जोडणी नावानिशी मंजूर करावी.