आपेगावचा पखवाज

पैठणनजीकचे, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव वाचकांस ठाऊक आहेच. परंतु बीड जिल्ह्यात अंबाजोगाई तालुक्यातही एक आपेगाव आहे. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर हे तेथले. वारकरी भजनात मुरलेला त्यांचा हात शास्त्रीय संगीताच्या बैठकीतही मान पावला, आणि १९८६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. भजनात टाळकऱ्यांचे पाऊल सांभाळावयाचे. ध्रुपदाच्या साथीस बसले, म्हणजे चौतालाच्या १२ मात्रांत गवयाशी झुंजावयाचे! डाव्या पुडीस ओली कणीक लावून काढलेला तो घुमारा तबल्यास कोठून येणार? पुत्र उद्धवबापूंनी ही विद्या पुढे चालविली. आमच्या घरांतून मात्र मुलांस पेटी-तबला शिकवितात, आणि पखवाज भजनीबुवांचा म्हणून वगळतात. हे आम्हांस मुळीच रुचत नाही.