दंतवैद्य आहेत, पण कोठे?

आपल्या देशात दंतवैद्य पुरेसे आहेत की अपुरे, या प्रश्नास दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात आणि नवलाची गोष्ट अशी की, ती दोन्ही खरी आहेत. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणाचा निकाल दिला, त्यात बी.डी.एस.च्या सुमारे 7,000 जागा रिकाम्या पडल्याची तक्रार होती. प्रवेशपरीक्षेची अट सैल करण्यास केंद्र सरकार तयार नव्हते. देशात 6,080 लोकांमागे एक दंतवैद्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या 7,500 च्या प्रमाणाहून आपली स्थिती सरस आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य करून अट 10 पर्सेंटाइलने शिथिल केली व खासगी महाविद्यालयांच्या भरमसाट फीकडेही बोट दाखविले. प्रवेशाचा वाद मिटला. लोकांच्या दातांचा प्रश्न मात्र जेथल्या तेथेच राहिला.

1946 साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा 3 लाख लोकांमागे एक दंतवैद्य होता. आज देशात दंत महाविद्यालयेच तीनशेच्या वर आहेत. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. पंगतीत एकाच्या पानात दहा लाडू आणि शेजारचे पान कोरडे, अशी स्थिती असता प्रत्येकास पाच लाडू वाढल्याचा हिशेब यजमानाने दिला, तर कोरड्या पानाचा धनी काय म्हणेल? पुण्या-मुंबईच्या एकेका रस्त्यावर दंतवैद्यांच्या तीन-तीन पाट्या दिसतात आणि नवे पदवीधर तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात राबतात. उलट दुर्गम तालुक्यातील शेतमजुरास दाढ काढून घ्यायची तर दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे आधी मोजावे लागते. याचा दोष त्या तरुणांना देणे न्याय्य होणार नाही. ज्याने लाखो रुपये फी भरून पदवी मिळविली आणि कर्ज काढून खुर्ची व यंत्रे घेतली, तो हप्ते फिटतील तेथेच बसणार.

गरज मात्र पैशाच्या मागे जात नाही. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत 12 वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. 2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांपैकी सुमारे एक जण तंबाखू, खर्रा, मिश्री अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने धूरविरहित तंबाखू सेवन करतो. गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही ही अवस्था आहे. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. त्याच्या आधी तोंडात उमटणारा पांढरा वा तांबडा चट्टा पुष्कळदा जाणत्या नजरेस नुसत्या उजेडात दिसतो; तो पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही. तो वेळीच पाहणारे कोणी जवळ नसल्याने किती घरांतील कर्ते पुरुष गमावले जात असतील, याचा विचार मन विषण्ण करतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मनुष्यबळाची योजना महाविद्यालयांच्या जागांवरून न आखता लोकांच्या गरजेवरून आखावी. प्रत्येक जिल्ह्याची पाहणी नियमाने व्हावी आणि तिच्या आधारे ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्यांच्या कायम जागा निर्माण कराव्यात. त्यांना पुरेसा पगार, चालू स्थितीतील खुर्ची आणि दात भरण्याचे साहित्यही मिळाले पाहिजे. एरवी दात वाचविणारा पदवीधर केवळ दात उपटणारा होऊन बसतो. शिवाय प्रत्येक कामास दंतवैद्यच कशाला हवा? न्यूझीलंडने 1921 पासून दंतपरिचारिकांना प्रशिक्षण देऊन व त्यांना शाळांतून नेमून मुलांचे दात सांभाळले. आपल्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्यातही डेंटल हायजिनिस्टची स्वतंत्र नोंदणी होती. मात्र त्या वर्गाचा उपयोग आपण फारच थोडा करून घेतला. अर्धशिक्षितांच्या हाती रुग्ण जातील, ही व्यावसायिकांची भीती निराधार नव्हे. पण तिचे उत्तर कसून शिक्षण आणि दंतवैद्याची देखरेख हे आहे, रुग्णास वाऱ्यावर सोडणे हे खचितच नव्हे.

2014 साली सुरू झालेला राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम कागदोपत्री आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही तोंडाच्या आरोग्याचा समावेश आहे. आता तेथे माणसे नेमावयाची आहेत. ती नेमली जाईपर्यंत 6,080 चा आकडा सरकारी टिपणात कितीही शोभला, तरी ठणकणारी दाढ धरून रात्र काढणाऱ्या खेडुतास त्याचा काडीचाही उपयोग नाही.